आधी मस्कत, मग अमेरिका

फराळ, पैठणीच्या कापडाच्या पर्स, कोल्हापुरी चपला, सावंतवाडीची लाकडी खेळणी असा माल घरबसल्या ऑनलाइन विकणाऱ्यांच्या पानावर हल्ली एक ओळ हमखास असते: ‘जगभर पाठवतो.’ ही ओळ काढून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी माल जरूर पाठवा, पण जगभर नको. एक देश निवडा, तिथले नियम नीट समजून घ्या, तिथे हात बसला की मग दुसरा. महाराष्ट्रातून पहिल्यांदाच पाठवणार असाल, तर तो पहिला देश ओमान असावा.

अमेरिकेचे नाव आधी सुचते, कारण तिथे आपली माणसे खूप आणि डॉलरचा भाव मोठा. पण 2025 ची दिवाळी आठवा. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफी अमेरिकेने 29 ऑगस्टपासून बंद केली. शुल्क कोणी वसूल करायचे आणि कसे भरायचे, याची घडी बसलेली नव्हती, म्हणून आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्टपासूनच तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन होते 21 ला. टपालाच्या दरावर भाव ठरवून फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईच्या हातात त्या सहा दिवसांत काय उरले असेल, याचा हिशेब कोणीही करू शकतो. युरोपात अडचण वेगळी. तिथे 13 डिसेंबर 2024 पासून ग्राहकोपयोगी वस्तूंना सुरक्षेचा नवा नियम लागू आहे आणि मालाची जबाबदारी घेणारा कोणीतरी युरोपीय संघातच असावा लागतो. खेळण्यांचे चार जोड पाठवणाऱ्याने असा माणूस आणायचा कुठून?

या दोन्हींच्या तुलनेत ओमानचा कारभार सुटसुटीत आहे. बहुतेक मालावर आयात शुल्क 5 टक्के, शिवाय एप्रिल 2021 पासून 5 टक्के व्हॅट. भारतीय इथे ओमानमध्ये सुमारे सात लाख आहेत. घड्याळ भारताच्या दीड तास मागे, त्यामुळे ग्राहकाशी बोलायला रात्र जागावी लागत नाही. मुंबईहून विमान तीन तासांच्या आत मस्कतला उतरते. भारत-ओमान व्यापार तर फार जुना आहे. 1970 मध्ये ओमानचा स्वतःचा रियाल येईपर्यंत इथे रुपया चालत होता, आणि मस्कतमधल्या मत्राच्या बाजारात कच्छी, सिंधी व्यापाऱ्यांच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या होत्या.

18 डिसेंबर 2025 रोजी मस्कतमध्ये भारत आणि ओमानचा व्यापार करार झाला. ओमानने आपल्या शुल्कपत्रकातल्या 98.08 टक्के बाबींवर भारतीय मालाला शुल्कमाफी देऊ केली आहे. तेव्हापासून ‘आता ओमानला माल पाठवणे फुकट’ अशा उत्साहाचे निरोप फिरत आहेत, आणि इथेच छोट्या विक्रेत्याने सावध व्हायला हवे. कंटेनर भरून तांदूळ किंवा कापड पाठवणाऱ्याला 5 टक्के वाचणे ही मोठी गोष्ट आहे. तुमच्या हजार रुपयांच्या फराळावर ते वाचतात जेमतेम पन्नास रुपये, आणि तेही माल भारतातच तयार झाल्याचे प्रमाणपत्र जोडल्यावर. व्हॅट राहतोच. शुल्क हे छोट्या विक्रेत्याचे दुखणे नाहीच. त्याला मारतो तो वाहतुकीचा खर्च.

एक खोका घ्या, 40 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 20 उंच. त्यात चकली, शेव, पातळ पोह्यांचा चिवडा भरा. काट्यावर वजन भरेल दोन किलोच्या आसपास. कुरिअरवाला मात्र लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून त्याला 5000 ने भागतो. उत्तर येते 4.8, आणि पैसे त्याच वजनाचे लागतात. म्हणजे चिवड्याबरोबर आपण जवळजवळ तीन किलो हवा पाठवतो आणि तिचे भाडे भरतो. चकली मोडू नये म्हणून वरून कागद कोंबला की खोका आणखी फुगतो. त्याच खोक्यात बेसनाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला, भाजणी बसवली तर गणित पार बदलते. ओमानला पाठवायचा फराळ म्हणजे जड, न मोडणारा आणि टिकणारा फराळ. चिवडा इथल्या बायका घरी करतातच, पोहे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

अनारशांबद्दल मुद्दाम सांगते. अनारशाला खसखस लागते, आणि शेजारच्या संयुक्त अरब अमिरातीत, सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. पार्सल आखाती देशात जाणार असेल तर अनारसे आणि खसखस घातलेला कोणताही जिन्नस खोक्यात घालूच नका. यात धोका तुमच्यापेक्षा घेणाऱ्याला जास्त आहे.

आता विकायचे काय? माझ्या मते उत्तर ग्राहकाच्या बॅगेत आहे. इथले मराठी कुटुंब जून-जुलैत शाळेच्या सुटीला पुण्याला, नाशिकला, रत्नागिरीला जाते आणि येताना आईने, सासूबाईंनी भरून दिलेल्या बॅगा घेऊन परतते. त्या बॅगेशी तुमच्या पार्सलची स्पर्धा आहे आणि ऑगस्टमध्ये तुम्ही हरणारच. दिवाळीत मात्र शाळा सुरू असतात, घरी जाणारे कमी, आणलेले मेतकूट संपलेले. शिवाय बॅगेत बसत नाही असे काही असते: मापाने शिवलेले नऊवार, मुलाच्या मुंजीसाठी नाव घालून केलेल्या भेटवस्तू, गौरीचे दागिने. लुलू या इथल्या सुपरमार्केटच्या फडताळावर जे आधीच मांडलेले आहे, ते पाठवून कोणाचेच भले होणार नाही.

कागदपत्रांची भीती मात्र बाळगू नका. आयात-निर्यात कोड ऑनलाइन मिळतो, शुल्क 500 रुपये. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे देशात हजाराहून अधिक आहेत, त्यामुळे जिल्ह्याच्या गावातून सीमाशुल्काची नोंद करून पार्सल पाठवता येते. हा रस्ता असताना विकलेल्या मालावर ‘भेटवस्तू’ लिहून पाठवायची सवय सोडून द्या. बरेच जण ते करतात आणि त्यात काही वावगे मानत नाहीत. पण ते खोटे आहे. पार्सल अडकले की उत्तरे द्यावी लागतात ती मस्कतच्या ग्राहकाला, आणि तुमच्या विक्रीची निर्यात म्हणून कुठेच नोंद होत नाही. पैशांचेही तसेच. ओमानच्या फोन नंबरावरून, भारतातल्या अनिवासी खात्यातून यूपीआयने पैसे देता येतात, त्यामुळे ग्राहकाला सोपे जाते. ते पैसे निर्यातीचे म्हणून धरले जातील का, हे मात्र पहिल्या ऑर्डरीआधी बँकेत विचारून घ्या.

पत्ता घेताना पुण्याच्या सवयीने घर क्रमांक आणि पिनकोडवर थांबू नका. इथले टपाल परंपरेने पेटी क्रमांकावर येते. घराच्या पत्त्यात रस्त्याचा ‘वे नंबर’ असतो आणि तो शोधताना पार्सल आणणारा मुलगा शेवटी फोनच करतो. 968 नंतरचे आठ आकडे दोनदा तपासा. शुक्रवार-शनिवार इथे सुटी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी पोचलेले पार्सल रविवारपर्यंत पडून राहते हेही धरून चाला.

‘एका देशावर विसंबलो तर अमेरिकेसारखेच होईल ना?’ असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच की परदेशी विक्री हा वरचा घास असावा. घराचे भाडे, बचत गटाचा हप्ता, कामाला येणाऱ्या बायकांची मजुरी हे सगळे गावातल्या आणि राज्यातल्या गिऱ्हाइकावर निघाले पाहिजे. ते निघत नसेल तर मस्कतची ऑर्डर तुम्हाला वाचवणार नाही. उलट एक परत आलेले पार्सल महिन्याची कमाई खाऊन जाईल. म्हणून परतीचा माल मागवूच नका. वस्तू खराब निघाली तर पैसे द्या किंवा दुसरी पाठवा, आणि हे आधीच लिहून ठेवा.

तेव्हा पहिल्यांदा ओमानच्या दहा ऑर्डरी घ्या, त्याहून जास्त नको. माल, खोका, भाडे, बँकेची कपात, तुमचे तास, सगळे वहीत मांडा. दहाही पार्सले पोचल्यावर हातात नफा उरला, तरच अकरावी घ्या. उरला नाही तर तो दर किंवा तो जिन्नस ओमानसाठी नाही, असे समजा आणि पानावर तसे स्पष्ट लिहा.