मागच्या दाराचा मान

घराला दोन तोंडे असतात. पुढचे पाहुण्यांचे, मागचे घरच्यांचे. दिवाळी जवळ आली की पुढच्या तोंडाला रंग लागतो, दारावर तोरण चढते, अंगणात सडा-रांगोळी होते. परड्यातली शेड मात्र आहे तशीच राहते. गंजलेला पत्रा, वाळवीने पोखरलेला वासा आणि भिंतीवर पावसाने उडवलेली तांबडी माती. कुणी मागे डोकावलेच तर आपण घाईघाईने म्हणतो, "तिकडे काही नाही हो, नुसती अडगळ आहे."

खरे तर तिकडे बरेच काही असते. कुदळ, खोरे, विळा, पाण्याचा बंब, सरपण, करवंट्यांचे पोते, पाटा-वरवंटा, मुलांनी टाकून दिलेली सायकल. आपल्याकडे शहापूर, वडगाव, खासबाग भागात कित्येक घरांमागे मागाची शेड होती. जिथे माग गेले तिथे शेड तेवढी उरली. खंडेनवमीला याच खोलीतली हत्यारे बाहेर काढून धुवायची, पुसायची, पुजायची आणि दसरा झाला की पुन्हा अंधारात ढकलायची, असा आपला रिवाज!

आणि या खोलीत वावरते कोण? बहुधा घरातली वडीलधारी बाई. आमच्या सासूबाईंचा सकाळचा तासभर आणि संध्याकाळचा तासभर शेडमध्येच जातो. घरात गॅस आहे, गीझर आहे. पण बंब पेटवल्याशिवाय त्यांची सकाळ होत नाही. मध्यंतरी माझे दीर म्हणाले, "वहिनी, ती शेड पाडून टाकू. गाडीला जागा होईल." सासूबाईंनी ऐकले, बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेडपुढची जागा झाडली, शेणाने सारवली आणि उंबऱ्याशी रांगोळीची चार बोटे ओढली. आम्हाला काय ते समजले. पाडायची नाही, तर निदान बघण्याजोगी करू, असे घरात ठरले.

या निमित्ताने जे वाचले, रंगाच्या दुकानातून आणि गवंड्याकडून जे विचारून घेतले, ते वाचकांच्याही उपयोगी पडावे.

पहिली गोष्ट क्रमाची. आधी दुरुस्ती, मग रंग, शेवटी वेल. पुष्कळ जण उलटे करतात. गळके छप्पर दिसू नये म्हणून त्यावर वेल सोडतात. वेलाखाली ओल धरते, गंज वाढतो आणि दोन पावसाळ्यांत छप्पर खाली येते. वेल हे शोभेचे लेणे आहे, रोग झाकायचे पांघरूण नव्हे. तेव्हा फुटकी कौले आधी बदलावीत. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला. तेव्हापासून ती कौले आपल्या मुलखात इतकी रुळली, की जुने घर उतरवले जात असेल तिथे चांगली कौले अजूनही मिळून जातात. वासा खालून कुजला असेल तर कुजका भाग कापून त्याखाली दगड द्यावा. लाकडाचा मातीशी संबंध तुटला की वाळवीची वाट अवघड होते.

छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर मात्र सांभाळून. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. तो पत्रा घासू नये, कापू नये, त्याला भोक पाडू नये. ते तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि त्यांचे दुखणे कित्येक वर्षांनी वर येते. त्यावर चढूही नये, कारण तो वजनाने फुटतो.

आता रंग. गंजलेला लोखंडी पत्रा तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने घासावा, कोरड्या फडक्याने पुसावा, मग रेड ऑक्साईडचा एक हात आणि तो वाळल्यावर ऑईलपेंटचे दोन हात द्यावेत. नवा पांढरा पत्रा असेल तर घाई करू नये. त्यावर जस्ताचा थर असतो. ऑईलपेंटमधल्या तेलाशी जस्ताची क्रिया होऊन साबणासारखा पापुद्रा तयार होतो आणि रंग सालपटासारखा सुटतो. जस्ताच्या पत्र्यासाठी वेगळा प्रायमर मिळतो, दुकानात तोच मागावा. शेडच्या दारावर जुन्या काळचे रंगाचे थर असतील तर ते कोरडे खरवडू नयेत. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. पाणी लावून ओलेच घासावे, मुलांना तेवढा वेळ दूर ठेवावे. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर नसावे असा नियम लागू झाला. त्याआधीच्या डब्यांची खात्री देता येत नाही.

दगडामातीच्या किंवा विटांच्या भिंतीला आपला चुना सगळ्यांत बरा. चुना आदल्या दिवशी भिजवावा, गाळून पातळ करावा, चवीपुरती नीळ घालावी. भिंत पाण्याने भिजवून कुंच्याने पातळ पातळ तीन हात द्यावेत. जाड हात दिला की पोपडे सुटतात. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. भिंतीतली ओलही तो आत कोंडत नाही. चुना भिजवताना तो उकळतो, अंगावर आणि डोळ्यांत उडतो, एवढे ध्यानात ठेवावे. पत्र्यावर किंवा ऑईलपेंटवर चुना धरत नाही.

जुन्या घरांत चुन्याच्या भिंतीला खालून हातभर काव लावलेली तुम्ही पाहिली असेल. ती नुसती शोभा नाही. पागोळ्यांचे पाणी तांबड्या मातीवर आपटते आणि चिखल भिंतीवर उडतो. बेळगावचा पाऊस वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा पांढऱ्या भिंतीची आषाढातच दशा होते. काव लावली की तोच चिखल तिच्यात मिसळून जातो. पागोळ्यांच्या रेषेत वीतभर रुंद खडी पसरली तर चिखल उडायचाच कमी होतो. आम्ही भिंतीला चुना, खाली काव आणि दाराला गडद हिरवा रंग दिला. या तीन रंगांत परड्यातले कुठलेही झाड शोभते.

रंगाचे काम दिवाळीनंतर मेपर्यंत केव्हाही करावे, लागवड मृगाच्या पावसावर. एकदा वेल चढला की त्याच्यामागे ब्रश जात नाही, म्हणून रंग आधी. वेल भिंतीला किंवा पत्र्याला चिकटू देऊ नये. वीतभर अंतरावर तार ताणावी किंवा बांबूची ताटी उभी करावी, म्हणजे मागून वारा खेळता राहतो. गोकर्ण सगळ्यांत सोपी. बी टाकले की येते, भार होत नाही, आणि शेंगवर्गातली असल्याने जमिनीचा कसही राखते. मधुमालतीची फुले उमलताना पांढरी असतात, मग गुलाबी होतात, मग लाल. संध्याकाळी वास दरवळतो. पण ती पुढे जड होते, तिला स्वतंत्र मांडव हवा. बोगनवेलीचेही तेच. ही बाई मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७६७ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सन याला ती रिओजवळ सापडली आणि त्याने आपल्या मोहिमेच्या प्रमुखाचे, बूगनव्हिलचे, नाव तिला दिले. आपल्या उन्हात ती रमली, पण काट्यांमुळे जाण्यायेण्याच्या वाटेवर नको. शोभेबरोबर स्वयंपाकाचेही बघायचे असेल तर दोडका, पावटा, मायाळू आहेतच. मोरीचे पाणी जाते तिथे अळू आणि कर्दळ, भिंतीच्या कडेला हळद. श्रावणात अळूवडी, गणपतीत पातोळ्यांना पाने! भिंतीच्या फटीत पिंपळाचे किंवा उंबराचे रोप दिसले तर मात्र बोटभर असतानाच काढावे.

"वेल म्हणजे सापाला आवतण," असे शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांचे भय अगदीच खोटे नाही. पण साप वेलासाठी येत नाही, उंदरांसाठी आणि आडोशासाठी येतो. सरपण जमिनीपासून हातभर उंच फळीवर रचावे, धान्याचे पोते शेडमध्ये ठेवू नये, वेलाच्या बुडाशी हातभर जागा साफ राखावी. जुने डबे, टायर रंगवून त्यांत झाडे लावणार असाल तर तळाला भोके हवीतच. साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडा-दीड आठवड्यात डेंग्यूचे डास तयार होतात.

हे सगळे करायला आम्हाला चार रविवार लागले. रंगारी फक्त पत्र्यापुरता बोलावला, चुना दिरांनीच दिला. ज्यांना शेड पाडायची होती तेच कुंचा घेऊन उभे राहिले, याचे सासूबाईंना मनातून कौतुक वाटले असावे. त्यांची मागणी एकच होती, "बसायला एक दगड ठेव गं." परड्यातच पडून असलेला जुना पाथरवट दगड दाराशी ठेवला. आता सरपण फोडून झाले की त्या तिथे टेकतात, आणि शेजारच्या काकूही मागच्या वाटेने येऊन बसतात.

गाडीचा प्रश्न सुटलेला नाही. उद्या जागेची गरज वाढेल, कदाचित शेड जाईलही. जुनी परडी एकेक करून जातच आहेत. पण ती उभी आहे तोवर तिथे राबणाऱ्या माणसाने गंजाकडे आणि पोपड्यांकडे बघत का राबावे? पाच किलो चुना, एक डबा रंग आणि मूठभर बिया यांत तेवढी सोय होते. येत्या मृगाआधी एकदा आपले मागचे दार उघडून बघा.