पेट्रोलचा वास आणि कंपनीचे पत्र

या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर हळूहळू बदलत चालला आहे. पूर्वी वाचक रेशनकार्ड, भविष्य निर्वाह निधी, घरभाड्याची पावती, मुलांचे दाखले यांविषयी विचारीत. आता त्यांच्या रांगेत मोटारगाडीही येऊन बसली आहे. कोणी निवृत्तीच्या पैशातून जुनी गाडी घेतली, कोणी कर्ज काढून टुरिस्ट टॅक्सी रस्त्यावर आणली, कुणाच्या मुलीला नोकरी लागली आणि तिने आईवडिलांच्या दारात पहिली गाडी आणून उभी केली. आम्हांला याचा आनंदच आहे. पण गाडीबरोबर तिची कागदपत्रे, तिच्यावरचे हक्क आणि तिचे धोकेही घरात येतात, आणि तिकडे आपले लक्ष नसते. एका वाचकाने विचारले आहे की, पेट्रोल गळण्याच्या दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावल्या असे कळले, शोरूमवाले म्हणतात सामान आले की फोन करू, तोवर गाडी चालवावी काय?

गाडीत पेट्रोलचा वास येत असेल, तर चालवू नये. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचे वाचायला वेळ लागेल.

आपल्या भगिनींना हे समजावून सांगायची गरजच नाही. घरात सिलिंडरचा वास आला की त्या काय करतात? रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघड्या, आणि विजेच्या बटणाला हात नाही. पेट्रोलची वाफही त्या गॅससारखीच हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, खाली जमिनीलगत साचते, आणि थंडीच्या दिवसांतही पेट घेते. तिला ठिणगी पुरते. घरातली बाई हा नियम पाळते आणि घरातला कर्ता पुरुष मात्र काचा खाली करून "जाईल वास" म्हणत गाडी हाकतो, हे आम्ही कितीदा पाहिले आहे.

आता 'रिकॉल' म्हणजे काय ते पाहू. गाडी परत बोलावली म्हणजे कंपनी गाडी काढून घेते असा पुष्कळांचा समज आहे. तसे नव्हे. एखाद्या काळात तयार झालेल्या गाड्यांत एकच दोष राहून गेला असे कंपनीच्या ध्यानात आले, की ती त्या गाड्या आपल्या अधिकृत विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये बोलावते, तपासते आणि सदोष भाग फुकट बदलून देते. खर्च कंपनीचा. विक्रेत्याला मजुरीचे पैसेही कंपनीच देते. मालकाने एक पैसाही द्यायचा नसतो.

आपल्या देशातले उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुती सुझुकीने ए-स्टार या मॉडेलच्या सुमारे १ लाख गाड्यांतील इंधनपंपाजवळचा भाग बदलून देण्याचे जाहीर केले होते, कारण तेथून पेट्रोल झिरपण्याची शक्यता होती. पुढे एप्रिल २०१४ मध्ये त्याच कंपनीने १,०३,३११ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. त्यांत डिझायर ४२,४८१, स्विफ्ट ४७,२३७ आणि अर्टिगा १३,५९३ होत्या. (बेरीज आम्ही करून पाहिली, जुळते. कारकुनाची सवय.) या गाड्या १२ नोव्हेंबर २०१३ ते ४ फेब्रुवारी २०१४ या काळात तयार झालेल्या होत्या. दोष होता 'फ्युएल फिलर नेक'मध्ये, म्हणजे ज्या नळीतून पेट्रोल टाकीत उतरते त्या नळीत. पंपाचा पाईप आपोआप बंद झाल्यावरही आणखी इंधन भरले, तर वास येण्याची वा गळण्याची शक्यता होती.

हे वाचून कुणाला वाटेल, इतके कोण भरतो? आपल्याकडे सगळेच भरतात! पंपावरचा पोरगा विचारतो, "साहेब, राउंड फिगर करू?" आणि आपण मान डोलावतो. मीटर १,९६३ वर आपोआप थांबलेला असतो, तो घोडा दाबून दाबून २,००० करतो. सुट्ट्या पैशांची कटकट नको हे खरे, पण ते ३७ रुपयांचे पेट्रोल टाकीत मावण्यासाठी नसते. टाकीच्या वरची मोकळी जागा वाफेसाठी राखलेली असते. गाडी निर्दोष असली तरी आपोआप बंद झाल्यावर थांबावे. आणि सुट्ट्यांचेच म्हणाल, तर ३७ रुपये परत घ्यायला लाज कसली?

गाड्या परत बोलावल्याचे जाहीर झाले की पुढचे काम विक्रेत्याच्या हाती येते. चांगला विक्रेता काय करतो तेही सांगितले पाहिजे, कारण असे विक्रेते आहेत. तो आपल्या दप्तरातून त्या काळातल्या गाड्यांची यादी काढतो, मालकांना पत्र व फोन करतो, वेळ ठरवून देतो. गाडी आली की जॉबकार्डावर दोष आणि काम स्पष्ट लिहितो. वर्कशॉपमध्ये टाकीचे काम वेल्डिंगच्या जागेपासून दूर, मोकळ्या हवेत, बॅटरीची तार सोडवून केले जाते. हे काम करणारी मुले बहुधा आयटीआय झालेली, आपल्याच वस्त्यांतून आलेली असतात. पेट्रोलच्या वाफेत हात घालणारा तोच मुलगा असतो, तेव्हा त्याला हातमोजे, मास्क आणि जवळ अग्निशामक नळकांडे मिळते की नाही, हेही गाडी घेऊन गेलेल्याने डोळे उघडे ठेवून पाहावे.

आता दुसरी बाजू. रिकॉलच्या कामात विक्रेत्याला फारसे सुटत नाही. कंपनी ठरलेल्या दराने मजुरी देते, आणि तेवढ्याच वेळात पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाची सर्व्हिसिंग केली तर कमाई जास्त. म्हणून फुकटाची गाडी मागे ढकलली जाते. "पार्ट आलेला नाही", "सिस्टिममध्ये तुमचा नंबर दाखवत नाही", "पुढच्या सर्व्हिसिंगला एकदमच करू" ही उत्तरे आम्ही इतक्या जणांकडून ऐकली आहेत की ती पाठ झाली आहेत. यांतले पहिले उत्तर कधी कधी खरेही असते. लाख गाड्यांचे सुटे भाग एका दिवसात तयार होत नाहीत. पण मग तसे लेखी द्यायला काय हरकत आहे?

आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याची गाडी अशीच बोलावली गेली होती. विक्रेत्याचे नाव येथे घेत नाही. गाडी सकाळी दिली, संध्याकाळी हातात ४,८०० रुपयांचे बिल. त्यात रिकॉलच्या कामापुढे शून्य होते, ते बरोबरच. पण खाली चाकांची अलाइनमेंट, एसीची सफाई, इंजिनाला कसलासा लेप आणि 'कन्झ्युमेबल्स' असे एक गूढ कलम. सहकाऱ्याने यांतले काही सांगितलेले नव्हते. आम्ही जॉबकार्डाची प्रत मागायला सांगितले. त्यावर त्याची सही होती, पण ही कलमे सहीनंतर वेगळ्या शाईत चढवलेली होती. मॅनेजरसमोर कागद ठेवल्यावर दहा मिनिटांत बिल शून्यावर आले. सही करण्याआधी रिकाम्या ओळींवर आडवी रेघ मारावी, हे व्हाउचरच्या बाबतीत कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. ते जॉबकार्डालाही लागू आहे.

शब्दांचाही एक खेळ असतो. 'रिकॉल' म्हटले की गिऱ्हाईक घाबरते, विक्री पडते. म्हणून 'सर्व्हिस कॅम्पेन', 'मोफत तपासणी', 'खबरदारीचा उपाय' असे गोड शब्द येतात. २०१० मध्ये काही नॅनो गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा टाटा मोटर्सने जादा सुरक्षा साधने फुकट बसवून देण्याचे जाहीर केले, मात्र हा रिकॉल नाही असेही सांगितले. नाव काहीही द्या, पण फोनवर 'मोफत तपासणी शिबिर' एवढेच ऐकलेला माणूस म्हणतो, सवड मिळाली की जाऊ. पेट्रोल गळू शकते हे ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवशी जातो.

उशिराने काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. फोर्ड कंपनीची पिंटो ही छोटी, स्वस्त गाडी. तिची टाकी मागच्या बाजूला अशी होती की मागून धडक बसली तर फुटून पेट घेण्याचा धोका. १९७७ साली एका मासिकाने हे प्रकरण उघडकीस आणले, सरकारी चौकशी झाली आणि जून १९७८ मध्ये कंपनीने सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती केवढी? टाकीपुढे प्लॅस्टिकचे एक ढालीसारखे आवरण आणि सुधारलेली भरण्याची नळी. पण जाहीर करणे वेगळे आणि मालकाच्या हाती पत्र पडणे वेगळे. ऑगस्ट १९७८ मध्ये इंडियाना राज्यात एका पिंटोला मागून धडक बसली आणि आतल्या तीन तरुण मुली जळून गेल्या. त्या गाडीसाठीचे कंपनीचे पत्र त्यांच्या घरी पोचले फेब्रुवारी १९७९ मध्ये. कंपनीवर फौजदारी खटला झाला. मार्च १९८० मध्ये ज्यूरीने तिला निर्दोष सोडले. ते पत्र त्या आईने कसे उघडले असेल, याचा विचार आमच्या मनातून जात नाही.

अमेरिकेत आज कायदा कडक आहे. परत बोलावलेली नवी गाडी दुरुस्तीखेरीज विक्रेत्याला विकता येत नाही, आणि २०१६ पासून मोठ्या भाड्याच्या कंपन्यांनाही अशी गाडी भाड्याने देता येत नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रीला मात्र तेथेही देशभर अशी बंदी नाही. म्हणजे पळवाट गरिबाच्याच वाट्याला.

आपल्याकडे २०१२ पर्यंत सगळे कंपनीच्या मर्जीवर होते. त्या वर्षी जुलैत वाहन उत्पादकांच्या संघटनेने, सियामने, स्वेच्छेचा एक नियम केला. स्वेच्छेचा म्हणजे पाळला तर पाळला. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले. ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या, तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते, आणि कंपनीला दुरुस्ती करून, गाडी बदलून वा किंमत परत करून मोकळे व्हावे लागते. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत. हे नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना आहेत. आपल्यापैकी अनेकांनी घेतलेल्या गाड्या आठ-दहा वर्षांच्या, तेव्हा या तरतुदीतली फट कोणाच्या अंगणात उघडते ते सांगायला नको. कंपनीने आपणहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर दंड माफ आहे, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. लपवण्यापेक्षा सांगणे स्वस्त पडले पाहिजे.

तक्रारींची संख्या मोजली जाते, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. वास आला, शेजारच्या मिस्त्रीकडून दोनशे रुपयांत होज बदलून घेतला आणि गप्प बसलो, तर ती तक्रार सरकारच्या हिशेबी झालीच नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडे अधिक सांगतो. कंपनीचे पत्र जाते ते बहुधा तिच्या दप्तरातल्या पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. तो मालक गाडी विकून मोकळा, चाळ पाडून इमारत उभी राहिलेली, पोस्टमन पत्र परत नेतो. म्हणून नमुना २९ आणि ३० भरून आरसी आपल्या नावावर करून घ्यावी, आणि त्याच आठवड्यात अधिकृत विक्रेत्याकडे आपला पत्ता व फोन नोंदवावा. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातची आहे म्हणून रिकॉलची दुरुस्ती नाकारू दिली जाऊ नये, दोष गाडीचा असतो, मालकाचा नव्हे. आरसीवर चेसिस नंबर असतो, १७ अक्षरांचा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर घालून आपली गाडी यादीत आहे का हे बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत पाहता येते. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा वा मुलगी हे दोन मिनिटांत करील. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे नसतात. ओसारखे दिसते ते शून्य समजावे, नाहीतर "नंबर सापडत नाही" असे उत्तर येते आणि माणूस निर्धास्त होतो.

टॅक्सीवाल्या बंधूंची अडचण वेगळी. गाडी दिवसभर वर्कशॉपमध्ये म्हणजे दिवसाचा धंदा गेला, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. त्यांनी आधी फोनवर पार्ट आल्याची खात्री करून, सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्याला मात्र एवढीही सवलत आम्ही देणार नाही. वास आला की त्या दिवशी मुले दुसऱ्या गाडीने.

विक्रेता दाद देत नसेल तर आधी त्याला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला तारीख घालून लेखी कळवावे व पोच घ्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो वा नोकरी करतो तेथेच तक्रार दाखल करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असे नाही. तक्रारीसोबत आरसी, खरेदीची पावती, जॉबकार्ड, पत्रव्यवहार आणि पोच यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, ते घरीच ठेवावेत.