तांब्याच्या मुलखात आपले बिऱ्हाड

परदेश म्हटला म्हणजे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अजूनही विलायत किंवा अमेरिकाच उभी राहते. परंतु परदेशाची व्याप्ती आता पुष्कळ वाढली आहे. आमच्या गंगापूर तालुक्यातील वाळूजच्या कारखान्यांत यंत्रे व पंप सांभाळण्याचे ज्ञान मिळविलेला, किंवा नागपुरास खाणविद्येची पदवी घेतलेला तरुण असला, तर त्याच्यापुढे आफ्रिकेतील एखाद्या दूरच्या खाणीची नोकरीही येते. मग घरात खल सुरू होतो. तेथे ताप किती, साप किती, तूरडाळ मिळते काय, सूनबाईने बरोबर जावे की मागे राहावे, मुलांच्या शाळेचे काय? हे सारे प्रश्न रास्तच आहेत. परंतु या सर्वांहून महत्त्वाचा असा एक प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. आपली माणसे त्या परक्या गावात कोणत्या नात्याने राहणार? त्याच प्रश्नाचा या महिन्यात थोडा विचार करू.

उदाहरणादाखल झांबिया देशाचा तांब्याचा पट्टा घेऊ. किट्वे, लुआन्शा, मुफुलिरा, चिंगोला, चिलिलाबोंबवे ही त्यातील मुख्य गावे. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० फूट उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून थोडाच सखल आहे. त्यामुळे आफ्रिका म्हटल्यावर जी काहिली मनात येते ती तेथे वर्षभर नसते. पाऊस नोव्हेंबरापासून एप्रिलापर्यंत, थंडी जून-जुलैत, आणि खरा उन्हाळा सप्टेंबर-ऑक्टोबरात. रानात, कित्येकदा घराच्या आवारातही, पुरुषभर उंचीहून मोठी वारुळे दिसतात. नागपंचमीस वारुळाची पूजा करणाऱ्या आपल्या भगिनींना ती पाहून नवल वाटल्यावाचून राहणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी येथे बहुतेक रानच होते. लुआन्शाच्या खाणीविषयी अशी कथा सांगतात की, १९०२ साली कॉलियर नावाच्या शोधकाने एका काळविटासारख्या जनावरास गोळी घातली, ते ज्या खडकावर पडले त्यावर तांब्याची हिरवी झाक होती, आणि त्या जनावरावरूनच खाणीला नाव पडले. कथा काही असो, खाण सुरू करावयास लोक जमले तेव्हा हिवतापाने इतकी माणसे मरू लागली की, नदीत राहणारा मोठा सर्पच हा कोप करीत आहे अशी समजूत पसरली. अखेर १९२९ च्या सुमारास लंडनच्या रॉस संस्थेचे सर माल्कम वॉटसन यांस पाचारण करण्यात आले. त्यांनी दलदली आटवून, नदीचे पात्र मोकळे करून डासांची पैदास तोडली आणि गाव राहण्याजोगे केले. ज्या रोनाल्ड रॉस यांचे नाव त्या संस्थेस होते, त्यांनी डासाच्या पोटातील हिवतापाचे जंतू १८९७ साली सिकंदराबादेस पाहिले होते. सिकंदराबादची ती छावणी निजामाच्या राज्यात, आणि १९४८ पर्यंत आमचे गंगापूरही त्याच राज्यात. येथे लागलेल्या शोधाने तेथील खाणगाव वाचले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अशा गावांत घर, रस्ता, पाणी, दिवे, इस्पितळ, शाळा, खेळाचे मैदान, सर्व काही कंपनीने बांधले. आणि बांधताना माणसांचीही विभागणी करून ठेवली. गोऱ्या कामगारांना बागेसह बंगले, आणि आफ्रिकी कामगारांना कुंपणाच्या आत एकसारख्या खोल्यांच्या रांगा. कौशल्याची कामे गोऱ्यांसाठी राखीव. कित्येक दुकानांत आफ्रिकी गिऱ्हाइकास आत येण्याची मुभा नव्हती. भिंतीतील झरोक्यातून पैसे द्यावयाचे आणि झरोक्यातूनच जिन्नस घ्यावयाचा. करवाढीवरून १९३५ साली संप झाला तेव्हा लुआन्शात पोलिसांच्या गोळीबारात सहा कामगार मेले. १९४० साली किट्वेच्या न्काना खाणीवरील संपात सतरा मेले. आफ्रिकी कामगारांचा संघ प्रत्यक्षात यावयास १९४९ साल उजाडले, आणि देश स्वतंत्र झाला तो २४ ऑक्टोबर १९६४ रोजी.

या उतरंडीत हिंदी माणूस कोठे होता? तो मुख्यतः गुजराती व्यापारी होता. खाणीतील चांगली नोकरी आणि गोऱ्यांच्या वस्तीतील घर या दोन्ही गोष्टी त्याला बंद होत्या. तो मधल्या पायरीवर होता. वरच्या पायरीवरून होणारा अपमान त्याने सोसला, हे खरे. परंतु खालच्या पायरीवरील माणसाशी तो नेहमीच बरोबरीने वागला, असे मात्र म्हणता येणार नाही. मधल्या पायरीचा हा धर्मच असतो, आणि आपल्या समाजास तो ठाऊक नाही असे कोण म्हणेल?

स्वातंत्र्यानंतर खाणी सरकारी झाल्या. १९६९ च्या सुमारास देशात वर्षाला ७ लाख टनांहून अधिक तांबे निघे. कामगाराच्या बाळंतपणापासून अंत्यविधीपर्यंतची काळजी खाण वाही. परंतु १९७५ च्या आगेमागे तांब्याचा भाव कोसळला तो वर्षानुवर्षे सावरला नाही. २००० साली उत्पन्न अडीच लाख टनांच्या आसपास आले होते. याच सुमारास खाणी तुकड्यातुकड्यांनी खाजगी कंपन्यांना विकण्यात आल्या आणि कंपनीची घरे राहत्या कामगारांना. लुआन्शाची खाण १९९७ साली बिनानी या भारतीय उद्योगसमूहाने घेतली; २००० साली ती धनकोंनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती गेली आणि हजारो कामगार घरी बसले. चिंगोला व चिलिलाबोंबवे येथील कोंकोला कंपनीचा मोठा हिस्सा २००४ साली वेदांत या भारतीय वंशाच्या मालकाच्या कंपनीने घेतला. २०१९ साली झांबियाच्या सरकारने तेथे अवसायक नेमला, आणि २०२४ साली कारभार पुन्हा वेदांतकडे आला. नदीचे पाणी दूषित झाल्याची चिंगोलाजवळच्या सुमारे १,८०० ग्रामस्थांची तक्रार इंग्लंडच्या न्यायालयात चालू शकते, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. पुढे २०२१ साली दावा आपसांत मिटला.

हा सारा इतिहास सांगण्याचे कारण असे की, आज खाणीवर रुजू होणारा आपला मुलगा रिकाम्या पाटीवर अक्षर काढावयास जात नाही. एके काळी जो बंगला गोऱ्या साहेबासाठी बांधला, त्याच बंगल्यात त्याला जागा मिळण्याचा संभव असतो. आवारास भिंत, फाटकावर पहारेकरी, बागेस माळी, घरात कामास बाई. ज्याच्या वडिलांनी गंगापुरात दोन खोल्यांत संसार केला, त्याच्या दारी एका महिन्यात तीन माणसे अदबीने उभी राहतात. ही जागा त्याने मागितलेली नसते. ती त्याच्यासाठी आधीच तयार असते. आणि न मागता मिळालेल्या मानाची सवय माणसास फार लवकर जडते.

त्यात घरधनीणीची स्थिती अधिक कठीण. पती पाळीवर जातो. कोंकोलाची खाण जगातील अत्यंत ओल्या खाणींपैकी एक. तेथून दररोज सुमारे ३ लाख घनमीटर पाणी उपसावे लागते. पंप बंद पडले तर रात्रीची झोप कसली? पत्नीस नोकरी करावयाची तर परवाना वेगळा काढावा लागतो. सासू नाही, जाऊ नाही, शेजारीण भिंतीपलीकडे. एकत्र कुटुंबात जिला घटकाभर एकांत मिळत नव्हता, तिला तेथे एकांताखेरीज दुसरे काही मिळत नाही. अशा वेळी चार हिंदी कुटुंबे एकत्र येतात, दिवाळीस चकल्या होतात, मुलांचे वाढदिवस होतात. हे योग्यच आहे. परंतु त्या चार घरांचाच किल्ला झाला आणि तिच्या जगात आफ्रिकी माणूस केवळ हुकूम घेण्यापुरता उरला, तर जुन्या उतरंडीची ती पायरी तिने नकळत पत्करली असेच म्हणावे लागेल.

येथे भाषेचे उदाहरण फार बोलके आहे. पूर्वी खाणीत चिलापालापा नावाची एक मिश्र बोली चाले. आण, उचल, थांब, जलद कर, असा तिचा बहुतेक संसार. गोरा मुकादम तीच शिके आणि घरी गोरी बाई नोकराशी तीच बोले. हुकूम देण्यापुरती भाषा शिकली म्हणजे समोरच्या माणसाचे उत्तर ऐकण्याची जबाबदारी राहत नाही. याउलट तेथील लोकांची जी खरी भाषा, बेंबा, ती मराठी माणसास आपलीशी वाटावी अशी आहे. वडील माणसास एकेरी हाक मारावयाची नाही, आदरार्थी अनेकवचन वापरावयाचे, हा नियम तिच्यातही आहे. आईस ‘मायो’ म्हणतात, पण आदराने ‘बामायो’. मावशी ही आईच मानली जाते, आत्येला स्वतंत्र शब्द व स्वतंत्र मान आहे, आणि मामाचा अधिकार तर आपल्याकडील मामाहून पुष्कळ मोठा, कारण तेथे कूळ आईकडून मोजतात. ‘मुली शानी’ म्हणजे ‘आपण कसे आहात’. ‘नतोतेला’ म्हणजे आभार. एवढे दोन शब्द जाण्याआधीच येथे शिकता येतात.

स्वयंपाकाचेही तसेच. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, न्शिमा, हे तेथील मुख्य अन्न. तिच्याबरोबर भोपळ्याचा किंवा रताळ्याचा पाला शिजवून, त्यात भुईमुगाचे कूट घालून केलेली भाजी असते. तिला इफिसाशी म्हणतात. कूट घातलेली पालेभाजी ज्या घरात आठवड्यातून दोनदा होते, त्या घरच्या मुलीने तिला परके अन्न म्हणावे काय? शाकाहारी माणसाने आमंत्रण नाकारण्याचे कारणच उरत नाही. मासळी किंवा मांस चालत नाही एवढे आधी नम्रपणे सांगितले म्हणजे झाले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. आपल्यापैकी पुष्कळ घरांत कामकरणीचा कप निराळा फडताळावर असे. कित्येक घरांत तो अद्यापि असेल. ती मागील दाराने येई आणि जमिनीवर बसे. यात आपण काही वावगे करीत आहोत असे घरातील कोणासच वाटत नसे, कारण तशी रीतच होती. हीच रीत सामानाबरोबर तांब्याच्या मुलखात गेली म्हणजे तिचा अर्थ किती भयंकर होतो, ते झरोक्यातून जिन्नस घेणाऱ्यांच्या नातवंडांस विचारावे. आपण जिला सोवळे-ओवळे म्हणू, तिला ते वर्णद्वेष म्हणतील; आणि त्यांचे म्हणणे चुकीचे ठरणार नाही. तेव्हा हा कप येथेच, निघण्यापूर्वी, एकाच फडताळावर आणून ठेवावा हे उत्तम.

परक्या भूमीत कसे राहावे याचा धडा शोधावयास आम्हांस तर दूर जाण्याचीही गरज नाही. आमच्या जिल्ह्याचे शहर एका आफ्रिकी माणसाने वसविले आहे. मलिक अंबर हा मूळचा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात दख्खनेत आला. पुढे निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला, आणि १६१० साली त्याने खडकी हे शहर वसविले. तेच पुढे औरंगाबाद व आज छत्रपती संभाजीनगर. त्याने मराठे सरदारांस जवळ केले, शेतसाऱ्याची घडी बसविली, आणि शहरास नहरीने पाणी आणले. १६२६ साली तो वारला; खुलताबादेस त्याची कबर आहे. तो येथे मिळविण्यासाठी आला नव्हता, आणलाच गेला होता. तरीही त्याची आठवण त्याने आणलेल्या पाण्यासाठी होते. स्वखुशीने व चांगल्या पगारावर जाणाऱ्या आपल्या मुलांकडून निदान एवढी अपेक्षा करावी की, त्यांच्या मागे दूषित नदीची आठवण राहू नये. खाणीतील पाणी उपसून कोठे सोडले जाते, हा प्रश्न अभियंत्याने विचारावयाचा नाही तर कोणी?

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी: सूनबाईस बरोबर अवश्य पाठवावे. सामानात मच्छरदाणी, वैद्याने सांगितलेली हिवतापाची औषधे आणि गोडा मसाला द्यावा. आणि दर रविवारी दूरध्वनीवर बोलणे होईल तेव्हा जेवणखाणाच्या चौकशीबरोबर आणखी एक विचारावे: घरी काम करणाऱ्या बाईंचे नाव काय, त्यांना मुले किती, ती कोणत्या शाळेत जातात? पहिल्या महिन्यात उत्तर आले नाही तर राग धरू नये. सहा महिन्यांनीही आले नाही, तर मात्र मुलास व सुनेस दोघांसही, वडिलकीच्या अधिकाराने, चार शब्द सुनवावेत.