ढकलण्याची ताकद जिथल्या तिथे अडते तेव्हा

खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठणे, जड दार लोटणे, पलंगावर कुशीवरून उठून बसणे या साऱ्या क्रियांत छाती, खांदे आणि दंडामागचे स्नायू राबत असतात. व्यायामशाळेत ज्याला बेंच प्रेस म्हणतात, म्हणजे बाकावर उताणे पडून छातीवरील वजन वर लोटणे, तो याच स्नायूंचा व्यायाम होय. तालमीतील जोर हे त्याचेच भावंड. फरक इतकाच की तिथे वजन म्हणजे स्वतःचा देह. तेव्हा हा विषय केवळ तरुणांचा समजून आपण पान उलटू नये.

नियमाने व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांची एक तक्रार वारंवार कानी येते. पहिले दोन महिने ताकद भराभर वाढते आणि मग वजन एका आकड्यावर अडून बसते. ‘आता वयच झाले’ असा निष्कर्ष घरातील मंडळी काढून मोकळी होतात. हा निष्कर्ष बहुधा घाईचा असतो. आरंभीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. आहेत तेच स्नायुतंतू अधिक संख्येने आणि अधिक सुसूत्रपणे कामाला लावायला ती शिकते. ते शिक्षण झाले की पुढची वाढ स्नायू प्रत्यक्ष भरण्यावर अवलंबून राहते आणि ते काम मुळातच संथ आहे. संथ असले तरी अशक्य मात्र नाही. १९९० साली मारिया फियातारोने यांनी बोस्टन येथील शुश्रूषागृहातील दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनी व्यायाम दिला. सरासरी वय ९० होते, तरी ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

अडण्याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे. साठ किलो उचलणारा तरुण साडेबासष्टवर जातो तेव्हा त्याचा भार जेमतेम चार टक्क्यांनी वाढतो. आपण मात्र दोन किलोचे डंबेल ठेवून तीन किलोचे घेतो, म्हणजे एकदम दीडपट! अशा उडीत अपयश आले तर दोष वयाचा नव्हे, दुकानात मिळणाऱ्या वजनांचा. म्हणून वजन वाढवण्याआधी संख्या वाढवावी. दोन किलो आठ वेळा जमत असेल तर नऊ, दहा असे करीत बारापर्यंत जावे. सलग दोन दिवस बारा सुबकपणे जमले की मगच मनगटाला बांधायचा पाव किंवा अर्ध्या किलोचा पट्टा जोडावा आणि पुन्हा आठपासून सुरुवात करावी.

फेऱ्यांच्या रचनेचा इतिहासही रंजक आहे, आणि तो पहिलवानांचा नसून रुग्णांचा आहे. टॉमस डीलॉर्म हे अमेरिकन सैन्यातील वैद्य. लहानपणी संधिवाताच्या तापाने आजारी पडल्यावर त्यांनी वजने उचलून प्रकृती सावरली होती. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांवर त्यांनी हाच उपाय योजला आणि १९४५ साली तो प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी फेऱ्या तीनवर आणल्या. दहा वेळा जेमतेम उचलता येईल असे वजन ठरवायचे. पहिली फेरी त्याच्या निम्म्याने, दुसरी पाऊण वजनाने, तिसरी पुऱ्याने, प्रत्येकी दहा वेळा. आपले पुरे वजन दोन किलो असेल तर एक, दीड आणि दोन. पुढे १९५१ साली ऑक्सफर्डच्या झिनोव्हिएफ यांना दिसले की जड फेरी येईपर्यंत रुग्ण थकून जातात. त्यांनी क्रम उलटा केला: जड फेरी आधी, मग उतरती वजने.

माझ्या मते ज्येष्ठांनी आरंभ डीलॉर्मच्या क्रमानेच करावा, कारण त्यात सांधे आपोआप तापतात. तिसरी फेरी तीन-चार आठवडे सातत्याने अपुरीच राहत असेल, तर हलक्या वजनाने थोडे हात तापवून जड फेरी प्रथम घ्यावी. पुष्कळदा एवढ्यानेच कोंडी फुटते. दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटे निवांत बसावे. आणखी दोनदा उचलता आले असते असे वाटत असतानाच थांबावे. शेवटचा दम काढण्याची हौस या वयात महाग पडते.

वजने नको असतील त्यांनी भिंतीवर तळवे टेकून जोर काढावेत. ते बारा-पंधरा सहज झाले की स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून काढावेत. देह जितका आडवा, तितका भार अधिक. ओटा पक्का आणि कोरडा हवा, पाय न घसरणारे हवेत.

एकाच स्नायूंच्या दोन व्यायामांत किमान एक दिवस मोकळा सोडावा. सहा-सात आठवड्यांनी एक आठवडा फेऱ्या निम्म्या कराव्यात; अडलेले वजन अनेकदा अशा विसाव्यानंतरच हलते. जेवणाकडेही पाहावे. रात्री केवळ चहा-खारी किंवा मऊ भात खाऊन झोपणाऱ्याच्या स्नायूंनी भरावे तरी कशातून? दाट वरण, दही, पनीर, अंडी, मासे यांपैकी काही दोन्ही जेवणांत असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

श्वास कोंडून जोर लावू नये, त्याने रक्तदाब एकाएकी चढतो. वजन वर लोटताना श्वास सोडावा. रक्तदाब आटोक्यात नसेल, हर्निया असेल, डोळ्यांची वा हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांच्या अनुमतीवाचून आरंभ करू नये. छातीत दुखले, भोवळ आली, धाप लागून शब्द फुटेना, तर तत्काळ थांबून मदत घ्यावी.

काळजी घेणाऱ्यांसाठी एक काम: एका वहीत तारीख, वजन आणि संख्या लिहीत जा. आकडा महिनाभर स्थिर असेल तर वरील उपाय करून पाहा. मात्र तो आठवड्यागणिक उतरत असेल, भूक मंदावली असेल किंवा कपडे सैल होत असतील, तर फेऱ्यांच्या क्रमात शोध घेत बसू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा.