पत्रिकेच्या पाठीवरचा नकाशा

यंदाच्या लग्नसराईतल्या पत्रिका पाहून मनाला जे खुपले, ते सरळ लिहून टाकतो. पत्रिकेच्या पाठीवर कार्यालयाचा नकाशा असायचा, तिथे आता क्यूआर कोड आला आहे. कोड मोबाइलसमोर धरला की रस्ता दिसतो. ही सोय आहे आणि तिच्याशी माझे भांडण नाही. पण तो नकाशा गेला आणि त्याची कुणाला साधी हळहळही वाटली नाही, हे खटकते. हाताने काढलेले हे साधेसुधे नकाशे म्हणजे आपल्या उपनगरांचा इतिहास आहे. तो दुसरीकडे कुठेही नोंदवलेला नाही, म्हणून ते गोळा करून वर्षवार लावून ठेवले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

असा एखादा नकाशा नीट न्याहाळा. डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरच्या एखाद्या कार्यालयाचा घ्या. तळाशी दोन समांतर रेघा आणि त्यांवर बारीक आडव्या रेघा, म्हणजे लोहमार्ग. एका टोकाला बाण, ‘कल्याणकडे’. चौकोनात ‘डोंबिवली स्टेशन (पूर्व)’. तिथून निघालेला रस्ता ‘चार रस्ता’ हा चौक ओलांडून सागावकडे जातो. वाटेत रिक्षा स्टँड, देवळाचा त्रिकोण आणि त्यावर इवलासा झेंडा, मग काळा भरलेला चौकोन म्हणजे कार्यालय, आणि शेवटी आडवा गेलेला कल्याण-शीळ रस्ता. उत्तर दिशा दाखवलेली नसते. पाहुणा लोकलमधून उतरून येणार, हे काढणाऱ्याने धरलेले असते. म्हणून स्टेशन खाली आणि सगळे गाव त्याच्या पुढ्यात. आता दुसऱ्या टोकाचा बाण वाचा. कुठे ‘व्ही.टी.कडे’, कुठे ‘सी.एस.टी.कडे’, कुठे ‘सीएसएमटीकडे’. मुंबईतल्या त्या स्थानकाचे नाव 1996 साली बदलले, 2017 साली पुन्हा बदलले. पण ते लोकांच्या अंगवळणी केव्हा पडले, हे सरकारी आदेशात सापडणार नाही. ते या बाणावर सापडते.

मानपाड्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यात घोडबंदर रोडवर, टिकुजिनीवाडीच्या वाटेवरचा. दुसरा डोंबिवली पूर्वेला, मानपाडेश्वराचा. मध्ये खाडी. मेट्रो 4 आणि मेट्रो 12 या दोन्ही मार्गांच्या आराखड्यांत मानपाडा नावाचे स्थानक आहे, म्हणजे घोळ पुढेही राहणार. फोनमध्ये चुकीचा मानपाडा निवडला तर फोन तिथेही तितक्याच खात्रीने नेऊन पोहोचवेल. हाताने नकाशा काढणाऱ्याला मात्र आपला पाहुणा कुठे चुकेल हे ठाऊक असते. म्हणून तो आधी स्टेशन काढतो, पूर्व की पश्चिम ते लिहितो आणि फसव्या वळणावर मुद्दाम खूण करतो. सागाव, सोनारपाडा, गोळवली, दावडी ही डोंबिवलीजवळची गावे 2015 साली पुन्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. अशा गावांमध्ये पत्ता बहुधा ‘अमक्याच्या मागे, तमक्याच्या समोर’ असाच सांगितला जातो, आणि ही मागची-समोरची समज या नकाशांनी कागदावर उतरवली आहे. ठाण्याच्या जुन्या पत्रिकेवर ‘रेमंड कंपनी’ अशी खूण दिसली, तर गिरणी जाऊन तिथे इमारती येण्याआधी लोक कशाच्या आधाराने वाट शोधत होते, ते कळते. फोनचा नकाशा रोज नवा होतो आणि कालचे पुसून टाकतो.

यावर कुणी म्हणेल की हे नकाशे अचूक नाहीत, अंतरांना प्रमाण नाही. खरे आहे. पण मराठेशाहीतल्या हस्तलिखित नकाशांनाही ठरावीक प्रमाण नसे. किल्ले आणि देवळे समोरून पाहावी तशी उभी काढलेली असत. तरी अभ्यासकांनी ते टाकून दिले नाहीत. सुसान गोल यांनी भारतीय नकाशांवरच्या 1989 सालच्या ग्रंथात अशा नकाशांना मानाचे स्थान दिले. प्रमाण चुकते तिथेच काढणाऱ्याला काय मोठे वाटले ते दिसते. दुसरा आक्षेप असा, की हे नकाशे छापखान्याने काढलेले असतात आणि एकाच कार्यालयाचा तोच नकाशा शेकडो पत्रिकांवर असतो. मला हीच मोठी सोय वाटते. एकाच जागेचे वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले, की कोणते दुकान खुणेतून गळले आणि कोणता पूल आला, हे आपोआप उलगडते. तिसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे: पत्रिकेवर कुटुंबांची नावे आणि पत्ते असतात. त्यावर उपाय सोपा आहे. नकाशाचा भाग तेवढा कापून घ्यावा, मागे फक्त साल आणि ठिकाण लिहावे.

अमेरिकेत क्रिस हार्झिन्स्की यांनी 2008 साली असे हाताने काढलेले नकाशे जमवण्यासाठी संस्थाच काढली आणि पुढे त्यांचे पुस्तकही केले. आपल्याकडे तर अर्धा संग्रह घरोघरी पडून आहे, कारण गणपती छापलेली पत्रिका रद्दीत टाकायला आपला हात धजत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचे. या संस्थांनी गावागणिक एक फाइल उघडावी आणि लोकांकडून नकाशे मागावेत. पत्रिकांच्या जोडीला गिर्यारोहकांनी काढलेले किल्ल्यांच्या वाटांचे कागद आणि सोसायटीच्या फायलींतले पाइपलाइनचे कच्चे नकाशेही घ्यावेत. येत्या लग्नसराईत पत्रिका छापणाऱ्यांनाही माझी विनंती आहे: क्यूआर कोड खुशाल टाका, पण शेजारी चार बोटे जागा नकाशासाठी ठेवा.