मायकन नुसता उंच नव्हता



गेल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत सर्वकालीन श्रेष्ठ बास्केटबॉलपटूंवरचा लेख वाचला. त्यात जॉर्ज मायकनला एका वाक्यात निकालात काढले आहे: तेव्हा बाकीचे बुटके होते, हा उंच होता, म्हणून जिंकला. गेली वीस वर्षे मी शाळेतल्या मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो. हे वाक्य मला मान्य नाही.

६ फूट १० इंच उंची त्याला आयती मिळाली, हे खरे. पण शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात आला तेव्हा तो जाड भिंगांचा चष्मा लावणारा, चालताना अडखळणारा मुलगा होता. प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्धाचा सराव करायला लावला, नाचसुद्धा शिकायला लावले. बास्केटखाली उभे राहून एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने, न थांबता चेंडू टाकत राहायचे, हा सराव आजही ‘मायकन ड्रिल’ याच नावाने शिकवतात. माझ्या मैदानावर जेमतेम पाच फूट उंचीची एक मुलगी तो रोज करते. सगळे उंचीवरच असते तर तिला त्याचा काय उपयोग?

त्याला रोखायला प्रतिस्पर्ध्यांनी काय काय केले, तेही लेखात यायला हवे होते. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला आणि मायकनच्या मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले. लेकर्सच्या त्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे! १९५१ मध्ये तर बास्केटसमोरचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला, तो मुख्यतः त्याला बास्केटपासून दूर ठेवण्यासाठी. त्याचे गुण घटले. पण त्यानंतरच लेकर्सने १९५२, १९५३ आणि १९५४ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली. नुसत्या उंचीवर हे जमत नाही.

आक्षेपच घ्यायचा तर एक खरा आक्षेप आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू आले ते १९५० मध्ये, तेही मोजकेच. १९४८ मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीयांच्या संघाने मायकनच्या लेकर्सला ६१-५९ असे हरवले होते. त्या काळातले सगळे उत्तम खेळाडू त्याच्यासमोर आलेच नाहीत, हे मी मान्य करतो. लेखात मात्र याचा उल्लेखही नाही.

मायकन २००५ मध्ये गेला. त्याच्या जर्सीचा ९९ क्रमांक कायमचा राखून ठेवायला खुद्द लेकर्सलाही २०२२ उजाडले. आपल्या पुरवणीने लेखाच्या पुढच्या भागात त्याला थोडी जागा द्यावी, ही विनंती.

– एक बास्केटबॉल प्रशिक्षक, सांगली