तिला काय कळतंय?

मतिमंद आणि मनोरुग्ण माणसांविषयी एक समजूत आपल्या मनात इतकी खोल मुरली आहे की तिची तपासणी करावी असं कुणाला वाटतच नाही. त्यांना कळत नाही, म्हणून त्यांच्या आयुष्याचे निर्णय आपण घ्यायचे आणि त्यातच त्यांचं भलं आहे, अशी ती समजूत. ती दुष्टांची नाही. लेकरासाठी रात्र रात्र जागणारे आईबाप, संस्थांचे अधीक्षक, डॉक्टर, न्यायाधीश हे सगळे ती मनापासून मांडतात. म्हणून तिचं खंडन ती सर्वांत भक्कम वाटते तिथेच करायला हवं. अशी जागा चंदिगढच्या एका खटल्यात सापडते.

सेक्टर २६ मधल्या नारी निकेतन या सरकारी आश्रयगृहात एक अनाथ तरुणी राहत होती. तिला सौम्य ते मध्यम बौद्धिक अक्षमता होती. मार्च २००९ मध्ये तिला ‘आश्रेय’ या दुसऱ्या संस्थेत हलवलं गेलं आणि मे महिन्यात ती गर्भवती असल्याचं लक्षात आलं. सरकारच्या छपराखाली असताना तिच्यावर बलात्कार झाला होता. प्रशासनानं पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाकडे गर्भपाताची परवानगी मागितली. न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्या अहवालाचा सूर असा होता की ही तरुणी शरीरानं सक्षम आहे, तिची समज मर्यादित आहे, तिला आधार लागेल, पण तिला मूल हवं आहे. तरीही १७ जुलैला उच्च न्यायालयानं गर्भपाताचा आदेश दिला. तेव्हाच्या कायद्याची वीस आठवड्यांची मर्यादा तोंडावर आली असताना, २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. २८ ऑगस्टला सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. पी. सदाशिवम आणि न्या. बी. एस. चौहान यांनी सविस्तर कारणं दिली: मूल व्हावं की नाही हे ठरवणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि तिची संमती नसताना तिचा गर्भ पाडता येणार नाही. हा खटला ‘सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदिगढ प्रशासन’ या नावानं ओळखला जातो. ते नाव याचिकाकर्तीचं, त्या तरुणीचं नव्हे.

आता ‘तिला कळत नाही’ या म्हणण्याकडे वळू. त्या अहवालात एक नोंद आहे. लग्नाआधीचं, लग्नानंतरचं आणि लग्नाबाहेरचं मूल यांत तिला फरक करता येत नाही आणि त्यामागचे सामाजिक अर्थही समजत नाहीत, अशी. ही नोंद वाचून मी बराच वेळ थांबलो. पोटात बाळ आहे हे तिला कळत होतं. ते हवंय हे ती सांगत होती. कळत नव्हतं ते एवढंच की जग अशा मुलाला आणि अशा आईला नावं ठेवतं. समाजानं उभा केलेला कलंक ओळखता न येणं हे तिच्या अक्षमतेच्या खात्यावर मांडलं गेलं! एखाद्याला बुद्धी किती आहे आणि तो चारचौघांच्या रीतींना किती जुमानतो, या दोन प्रश्नांची आपण किती सहज गल्लत करतो त्याचा हा लेखी पुरावा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ३ नं हीच गल्लत निषिद्ध ठरवली. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा राजकीय मूल्यांशी, धार्मिक श्रद्धांशी जुळवून न घेणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असं ते कलम सांगतं. जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीला किंवा नोकरी सोडून भटकणाऱ्या मुलाला ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणणाऱ्या घरांनी हे कलम वाचायला हवं.

विरोधकांचा यापेक्षा वजनदार मुद्दा आहे तो बाळाचा. ते कोण वाढवणार? प्रश्न खरा आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. पण तो व्यवस्थेचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर व्यवस्थेतच शोधावं लागतं. एकटीनं मूल वाढवणारी आई आपल्याकडे फार थोडी. आजी, मावशी, शेजारीण, पाळणाघर यांच्या आधारावरच संसार चालतात. धडधाकट बाईला हा आधार मिळतो तेव्हा तिच्या मातृत्वावर कुणी शंका घेत नाही. या तरुणीला नातलग नव्हते, म्हणून ती जबाबदारी सरकारवर येत होती. मतिमंद व्यक्तींसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाच्या अध्यक्षांनी तिची आणि बाळाची काळजी घेण्याची तयारी दाखवली, आणि ती न्यायालयानं विचारात घेतली.

‘त्यांना कळत नाही’ या मताचा इतिहासही पाहावा. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कॅरी बक या संस्थेत ठेवलेल्या तरुणीची नसबंदी वैध ठरवली. तीही बलात्कारातून आई झाली होती, आणि तिलाच ‘मंदबुद्धी’ ठरवून शिक्षा भोगायला लावली गेली. आपल्याला इतकं लांब जायचीही गरज नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, असं कारण सांगितलं गेलं. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी आवाज उठवल्यावर त्या शस्त्रक्रिया थांबल्या. मुलींना शिकवायला माणसं कमी पडत होती, आणि ती उणीव भरून काढायला त्यांच्या शरीरावर सुरी चालवली गेली. शिवाय गर्भाशय काढल्यानं अत्याचार थांबत नाही. दिवस राहणं तेवढं थांबतं, म्हणजे अत्याचाराचा पुरावा नाहीसा होतो.

आणि हाच समाज मनोरुग्ण मुलाच्या आईबापांना काय सल्ला देतो? ‘लग्न करून द्या, सुधारेल.’ मुलीकडच्यांना आजाराविषयी एक अक्षर न सांगता बोहल्यावर चढवलेले नवरदेव आपल्या ओळखीत असतात. तिथे कुणी विचारत नाही की याला बाप होणं कळतं का, मूल कोण वाढवणार. कळण्या-न कळण्याची ही काळजी फक्त काहींच्याच वाट्याला येते: बाईच्या, अनाथाच्या, संस्थेत राहणारीच्या.

चंदिगढच्या निकालाला एक मर्यादाही आहे. गर्भपाताच्या कायद्यात मनोरुग्ण स्त्रीच्या वतीनं पालकाची संमती चालते. २००२ च्या दुरुस्तीनं मनोरुग्णाची जी व्याख्या आणली तिच्यात मतिमंदत्व वगळलेलं आहे, आणि न्यायालयानं त्याच आधारावर या तरुणीला वाचवलं. तिच्यापुरता न्याय झाला. पण स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेली स्त्री कुंपणाबाहेरच राहिली.

तिच्याविषयीची समजूत अशी की एकदा वेड लागलं की जन्माचं लागलं. या समजुतीचं खंडनही चंदिगढमध्येच झालं आहे. तिथल्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या मनोविकार विभागाचे संस्थापक डॉ. एन. एन. विग आणि त्यांचे सहकारी जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा देशांतल्या अभ्यासात सहभागी होते. १९९२ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार स्किझोफ्रेनियाचे कितीतरी रुग्ण दोन वर्षांत बरे झालेले दिसले, आणि हे प्रमाण विकसनशील देशांत जास्त होतं. का, यावर अजून वाद आहे. पण चंदिगढच्या कुटुंबांच्या पाहणीत एक गोष्ट दिसली: घरात रुग्णाविषयी वैर असेल तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. आपण त्याच्याशी कसं बोलतो, त्याला माणसात धरतो की नाही, याचा आजाराच्या वाटचालीशी संबंध आहे.

तीव्र झटक्यात माणसाला खरोखर कळेनासं होतं, हे मी नाकारत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदाही नाकारत नाही. कलम ८९ प्रमाणे अशा वेळी त्याला प्रतिनिधीच्या अर्जावरून तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. पण कलम ४ ची सुरुवात उलट्या टोकाकडून आहे: माहिती समजते, परिणामांचा अंदाज येतो किंवा आपला निर्णय कळवता येतो, तोवर प्रत्येक मनोरुग्ण स्वतःच्या उपचारांविषयी ठरवायला समर्थ मानला जाईल. आज कळलं नाही म्हणून उद्या कळणार नाही असं नाही. पैशाचा व्यवहार जमत नाही म्हणून कुठे राहायचं हे ठरवता येत नाही, असंही नाही. बरं असताना ‘मला पुढे असे उपचार द्या, असे नको’ हे लिहून ठेवण्याची सोय कलम ५ मध्ये आहे. मनोरुग्ण असलेल्या किती घरांत असा कागद आहे?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ यानं अपंग स्त्रीचा तिच्या स्पष्ट संमतीविना गर्भपात करणं गुन्हा ठरवलं, मानसिक आजारही त्या कायद्यात अपंगत्व म्हणून धरला. तरी तीव्र अपंगत्वाच्या नावानं डॉक्टरचं मत आणि पालकाची सही यांची पळवाट उघडी ठेवली. गर्भपाताच्या कायद्यातलं पालकाच्या संमतीचं कलमही २०२१ च्या दुरुस्तीतून सुटलं. ते आता बदलायला हवं. आधी तिला, तिला समजेल अशा भाषेत, तिच्या विश्वासातल्या माणसासमोर विचारलं पाहिजे, तिचं उत्तर लिहून घेतलं पाहिजे, आणि पालकाची सही आली तर ती त्या उत्तराच्या खाली आली पाहिजे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शासकीय वसतिगृहात आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत हा नियम कायद्याची वाट न पाहता आजपासून पाळता येईल.